ईपीटी व्हायोलेशन हाताळताना या चुका टाळा

इंटेलच्या व्हीटी-एक्सवर (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवताना पेज फॉल्ट दोन ठिकाणी होऊ शकतो. गेस्टच्या स्वतःच्या पेज टेबलात नोंद नसली तर तो गेस्टचा फॉल्ट, व्हेक्टर १४. ईपीटी (गेस्ट-फिजिकल पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणारी हायपरवायझरची टेबलं) चालू असताना तो गेस्टलाच निस्तरू द्यावा. गेस्ट-फिजिकल पत्त्याला ईपीटीत जागा नसली किंवा परवानगी कमी पडली, तर एक्झिट ४८, म्हणजेच ईपीटी व्हायोलेशन, येते: गेस्ट थांबतो, ताबा हायपरवायझरकडे जातो, आणि ते काम हायपरवायझरचं. या एक्झिटवर गेस्टमध्ये पेज फॉल्ट इंजेक्ट करणं ही सर्रास होणारी चूक. गेस्ट आपलं टेबल तपासतो, त्याला सगळं जागच्या जागी दिसतं, आणि तो एक तर तिथेच फिरत राहतो किंवा पॅनिक होतो.

आरआयपी पुढे ढकलणं

मॅपिंग जोडल्यावर आरआयपीला (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) हात लावू नका. इन्स्ट्रक्शन अजून पूर्ण झालेलीच नसते, ती पुन्हा चालली पाहिजे. पत्ता एखाद्या उपकरणाचा असेल तर गोष्ट वेगळी: तिथे इन्स्ट्रक्शन एम्युलेट करायची आणि मगच आरआयपी सरकवायचा. तिची लांबी स्वतः डीकोड करून काढा. या एक्झिटला व्हीएमसीएसमधलं (गेस्टची स्थिती आणि एक्झिटची माहिती ठेवणारी रचना) लांबीचं फील्ड बरोबर असेलच, अशी हमी इंटेल देत नाही.

हरवलेला इंटरप्ट

सगळ्यात जास्त दिवस खाणारी चूक हीच. समजा गेस्टला टायमर इंटरप्ट पोहोचवायचा आहे. प्रोसेसर गेस्टच्या स्टॅकवर आरआयपी आणि फ्लॅग्ज ढकलायला जातो, आणि नेमकं ते स्टॅकचं पान ईपीटीत नसतं. एक्झिट ४८ येते. तुम्ही पान जोडता, गेस्ट पुन्हा सुरू करता, आणि इंटरप्ट गायब! व्हर्च्युअल एपिकमध्ये (गेस्टचा इंटरप्ट कंट्रोलर) तो ‘सेवेत’ म्हणून नोंदलेला राहतो, हँडलर चालतच नाही, म्हणून ईओआय (इंटरप्ट संपल्याची खूण) येत नाही. त्याच किंवा खालच्या प्राधान्याचे सगळे इंटरप्ट अडकतात आणि गेस्ट गोठतो. पॅनिक नाही, लॉग नाही.

उपाय: प्रत्येक एक्झिटला आयडीटी-व्हेक्टरिंग फील्ड, म्हणजे व्हीएमसीएसमधलं हेक्स ४४०८, वाचा; पोहोचवताना अर्धवट राहिलेली घटना त्यात असते. बिट ३१ लागलेला असेल तर ती घटना हेक्स ४०१६ (व्हीएम-एंट्रीला, म्हणजे गेस्टमध्ये परतताना, इंजेक्ट करायच्या घटनेचं फील्ड) मध्ये लिहून पुन्हा इंजेक्ट करा. लिहिताना बिट १२ शून्य करा, नाहीतर व्हीएम-एंट्रीच फसते. बिट ११ असेल तर एरर कोडही सोबत न्या.

तोच पत्ता, तीच एक्झिट

पान जोडलं तरी एक्झिट थांबत नसेल, तर एका ओळीत आरआयपी, गेस्ट-फिजिकल पत्ता (हेक्स २४००) आणि क्वालिफिकेशन (एक्झिटचा तपशील, हेक्स ६४००) छापा. क्वालिफिकेशनचे बिट ० ते २ सांगतात काय मागितलं: वाचन, लेखन की एक्झिक्यूट. बिट ३ ते ५ सांगतात काय मिळालं. मिळालेली परवानगी सगळ्या पातळ्यांचा ‘अँड’ असते. त्यामुळे शेवटच्या नोंदीत लेखन दिलेलं असलं, तरी वरच्या एका नोंदीत नसेल तर ते मिळत नाही. आपण फक्त शेवटची नोंद बघत बसतो.

बिट ७ लागलेला असेल तर बिट ८ सुद्धा बघा. तो शून्य असेल तर फॉल्ट गेस्टच्या डेटावर नाही, त्याच्या पेज टेबलाच्या पानावर झालाय. ईपीटीपीमध्ये (ईपीटी टेबलांचा पत्ता ठेवणारं फील्ड) बिट ६ लावून अ‍ॅक्सेस-डर्टी नोंदी (कुठलं पान वापरलं, कुठलं बदललं याच्या खुणा) चालू केल्या असतील, तर प्रोसेसरने गेस्टचं पेज टेबल नुसतं वाचलं तरी ईपीटीच्या लेखी ते लेखन ठरतं. ती पानं लेखनबंद ठेवणाऱ्यांकडे अचानक एक्झिट वाढतात, त्या यामुळे.

इनव्हेप्ट विसरणं

परवानगी वाढवताना इनव्हेप्ट (प्रोसेसरने साठवलेली ईपीटीची जुनी भाषांतरं पुसणारी इन्स्ट्रक्शन) लागत नाही. व्हायोलेशन त्या पत्त्याचं जुनं भाषांतर स्वतःच पुसतं. परवानगी काढताना किंवा पान बदलताना मात्र हा क्रम मोडू नका: नोंद बदला, त्या गेस्टचे व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) जिथे जिथे चालले त्या प्रत्येक कोरला आयपीआय (एका कोरकडून दुसऱ्याला जाणारा इंटरप्ट) पाठवा, तिथे इनव्हेप्ट चालवा, सगळ्यांची पोच येऊ द्या, आणि मगच पान होस्टला परत करा. पान आधी सोडलं तर गेस्ट दुसऱ्याच प्रोसेसच्या मेमरीत लिहितो.

एक्झिट ४९ म्हणजे मिसकॉन्फिगरेशन, ईपीटीतली नोंदच चुकीची. तिथे पान जोडून काही होत नाही. बहुतेक वेळा वाचनाशिवाय लेखन दिलेलं असतं, किंवा मेमरी टाइप २, ३ किंवा ७ पडलेला असतो. केव्हीएम (लिनक्सचा हायपरवायझर) मात्र एमएमआयओ (उपकरणांचे मेमरी-पत्ते) ओळखण्यासाठी अशी नोंद मुद्दाम ठेवतं.

शॅडो पेजिंग (ईपीटीऐवजी हायपरवायझरनेच सांभाळलेली पेज टेबलं) वापरत असाल तर सीआर२ (पेज फॉल्टचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) सांभाळा. त्याला व्हीएमसीएसमध्ये जागाच नाही. फॉल्टचा पत्ता क्वालिफिकेशनमध्ये मिळतो, सीआर२ तुम्हालाच भरावा लागतो, आणि तोही व्हीएम-एंट्रीच्या अगदी आधी, इंटरप्ट बंद करून. मधे होस्टचा एखादा पेज फॉल्ट झाला तर गेस्टला होस्टचा पत्ता दिसतो.