द्राक्षबागेत बदकं सोडायचीत? आधी हे वाचा

साउथ आफ्रिकेत स्टेलेनबॉशजवळ फरखनूख्त नावाची 1696 सालापासूनची वाइन इस्टेट आहे, तिथली शेकडो बदकं रोज ओळीने बागेत गोगलगायी खायच्या कामाला निघतात, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलाय. (जातीचं नाव इंडियन रनर, मूळ मात्र इंडोनेशियाकडचं, असो.) पण बदकं ही पहिली पायरी नाही राव.

पहिलं काम, गोगलगायींसाठी टाकतो त्या विषारी गोळ्या बंद. बदक ती गोळी खाणार नाहीतर गोळी खाल्लेली गोगलगाय खाणार, दोन्हीकडून मरणारच.

मग दोन ओळींमधली जमीन झाका. केपमध्ये, म्हणजे स्टेलेनबॉशच्या त्या भागात, पाऊस हिवाळ्यात, म्हणून तिकडे एप्रिल-मेमध्ये ओट आणि सोबत व्हेचसारखं एखादं शेंगवर्गीय पीक पेरतात आणि वसंतात ते नांगरून गाडत नाहीत, रोलर फिरवून आडवं पाडतात, त्याच्या आच्छादनाने तण दबतं आणि कोरड्या उन्हाळ्यात ओल टिकते. आपल्याकडे ताग-धैंचा करतो तसंच, फक्त गाडायचं नाही.

आता बदकं. कोवळे फुटवे यायला लागले की सोडायची, कारण गोगलगाय तेव्हाच जास्त नुकसान करते. ही जात उडत नाही, उभ्या मानेने चालते, पानाखालचं बरोबर हुडकते आणि वर खत फुकट. पण जवळ पाणी पाहिजे, संध्याकाळी मोजून खुराड्यात घ्यायची (एखादं राहिलं तर रात्री जंगली जनावर सोडत नाही), आणि मण्यात गोडी भरायला लागली की बागेतून बाहेर, नाहीतर घड तीच संपवतील.

सगळ्यात चिवट काम बांधावरचं, बाहेरून आलेली झाडं काढायचं. केपची मूळ झुडपं म्हणजे फाइनबॉस, त्या पट्ट्यात वनस्पतींच्या 9,000 च्या आसपास जाती आहेत आणि बऱ्याचशा जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. तिथे निलगिरी, पाइन, ऑस्ट्रेलियन बाभळी घुसल्या की पाणी पितात आणि मूळ झाडं दबतात. तिथल्याच 1700 सालच्या फरखलेखन वाइन इस्टेटने 2,000 हेक्टरपेक्षा जास्त जागा अशी साफ केलीय. नुसतं तोडून भागत नाही हां, बाभळीचं बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं आणि आग लागून गेली की सगळं एकदम उगवतं, म्हणून तोडणीच्या खर्चातच पुढच्या काही वर्षांच्या रोपं उपटायच्या मजुरीचे पैसे बाजूला काढून ठेवा.