रोमन पुतळ्याचं वय ओळखायचं तर आधी डोळे पाहा

फिरत्या प्रदर्शनात रोमन संगमरवरी अर्धपुतळ्यांची रांग लागली की सगळे सम्राट सारखेच दिसू लागतात. अशा वेळी थेट डोळ्यांत पाहा. बुबुळं कोरलेली असतील, तर शिल्प बहुधा इ. स. १३० च्या आसपासचं किंवा नंतरचं. गुळगुळीत कोरे डोळे बहुधा त्याआधीचे. तेव्हा बुबुळं रंगवत आणि तो रंग आता उडालेला असतो. दाढी हीसुद्धा चांगली खूण, कारण सम्राटांमध्ये तिची चाल दुसऱ्या शतकातल्या हेड्रियन या सम्राटाने पाडली. ब्राँझला मात्र डोळ्यांचा नियम लावू नका, त्यात डोळे वेगळे बसवत.

मग नाक आणि मान बघा, जमलं तर बाजूने आणि मागूनही. सांध्याची बारीक रेघ किंवा दगडाचा बदललेला रंग दिसला, तर तो भाग नंतर जोडलेला असू शकतो. २०२५ मध्ये अमेरिकेत शिकागो आणि फोर्ट वर्थला दाखवलेल्या, रोममधल्या तोर्लोनिया घराण्याच्या शिल्पसंग्रहात बसलेला एक बोकड आहे: धड रोमन, डोकं मात्र सतराव्या शतकातलं, इटालियन शिल्पकार बर्निनीचं मानलं जाणारं. माझ्या मते त्या संग्रहातली सगळ्यात मजेशीर वस्तू हीच.