उपचार मैदानावर, सोबतीला कुत्री : इंदूरमध्ये स्वतःचं काम सुरू करायचं असेल तर

कुत्रा आणू नका. निदान पहिलं वर्ष तरी. प्राण्यांच्या साहाय्याने, मोकळ्या जागेत उपचार सुरू करायचे म्हणून सल्ला विचारायला फोन करणाऱ्या नव्या मुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, लॅब्रेडॉर घेऊ की गोल्डन?" मी उलट विचारते, कोणासाठी, कुठल्या जागेत, आणि पावसाळ्यात काय करणार? इथे गाडी अडते.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. राहते लोकमान्य नगरात, काम मुख्यतः मुलांबरोबर, आणि त्यातलं बरंचसं आता चार भिंतींबाहेर. सोबत रमी असते. गल्लीतलीच कुत्री, तपकिरी, एक कान कायम पडलेला. पुण्या-मुंबईचं गणित वेगळं असेल, मी इंदूरच्या हिशेबाने सांगते.

आधी कागद. आपल्याकडे प्राण्यांच्या साहाय्याने करायच्या उपचारासाठी वेगळा सरकारी परवाना नाही, म्हणून तुमची मूळ पात्रता हाच सगळा आधार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी चालू हवी. ती नसेल तर "उपचार" हा शब्द पाटीवर लिहू नका. प्राण्यांबरोबरचा खेळ, भेट, वाचन, जे करत असाल तेच लिहा. त्यालाही गिऱ्हाईक आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मानसिक आजार असलेल्या माणसांना मुक्कामी ठेवून उपचार करायचे मनात असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागतो, आस्थापनेची नोंदणी करावी लागते. सुरुवातीला त्या वाटेला जाऊच नका. मुलांबरोबर काम म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा (२०१२) नीट वाचलेला असावा. अत्याचाराची माहिती कानावर आली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगायचं असतं.

उपचार करतो आपण, कुत्रा नव्हे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ साली कुत्र्याला 'सहउपचारक' म्हणून निबंध लिहिला, तेव्हापासून या विषयाला बळ आलं. त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीत असायचा हे सगळ्यांना आठवतं. समोरच्या मुलाबरोबर काय साधायचं हे लेव्हिन्सन ठरवत होते, ते कोणी आठवत नाही. म्हणून पहिले काही महिने नुसतं बाहेर बसून काम करा, प्राण्याशिवाय. झाड, माती, चालणं, एवढ्या भांडवलावर तुम्हाला बैठक चालवता येत नसेल तर कुत्र्याने ती चालणार नाही.

आता जागा. पिपल्यापाला रीजनल पार्क सकाळी छान, पण सुट्टीच्या दिवशी जत्रा. महापालिकेच्या बागेत नियमित पैसे घेऊन काम करायचं तर उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्या, आणि कुत्रा चालतो का ते त्याच अर्जात विचारा. रालामंडल अभयारण्य आहे, तिथे कुत्रा न्यायचाच नाही. मोठ्या मुलांना नुसतं डोंगर चढायला मात्र उत्तम. सिरपूर तलाव २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. तिथे दुर्बीण न्यावी, रमीला घरी ठेवावं. शेवटी मला जमली ती खंडवा रोडकडची एक कुंपणाची शेतजागा, तासाच्या भाड्याने. निवडताना चार गोष्टी बघितल्या : कुंपण पूर्ण आहे का, पाण्याचा नळ, बंद होणारं शौचालय आणि दारापर्यंत गाडी. झाडांवर आग्या माश्यांचं पोळं आहे का तेही मान वर करून बघा. आणि गाजर गवत! पाऊस पडला की ते कंबरेएवढं वाढतं, आणि ॲलर्जीच्या मुलाला त्यात बसवलं तर संध्याकाळी आईचा फोन ठरलेला.

बंद खोलीत गुप्तता आपोआप सांभाळली जाते. बाहेर ती ठरवून सांभाळावी लागते, आणि इंदूरच्या मराठी मंडळींत तर फारच. रामबाग, नारायण बाग, सुदामा नगर, कुठूनही कोणी उगवतं. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसणाऱ्या काकू सकाळी त्याच बागेत फिरायला येतात आणि लांबूनच हाक मारतात, "अगं, तू इथे? आणि हा कुळकर्ण्यांचा नातू ना?" या प्रसंगाचं उत्तर पहिल्या बैठकीच्या आधी तयार हवं. मी पालकांशी आणि मुलाशीही बोलून ठेवते : कोणी भेटलं तर आपण थांबायचं की पुढे जायचं, आणि मी कोण म्हणून सांगायचं. एका मुलाने मला 'चित्रकलेच्या बाई' ठरवलं, झालं. रमीच्या गळ्यात 'थेरपी डॉग' असा पट्टा मी घालत नाही. तो घातला की सोबतच्या मुलाच्या कपाळावर पाटी लागते. फोटो नाहीत, स्टेटस नाही, आणि हे संमतीपत्रात लिहिलेलं.

मोसमाचं वेळापत्रक वेगळं करा. आपली काळी माती जूनमध्ये बुटाला आणि पंजाला अशी चिकटते की मूल निम्मा वेळ पाय झाडत बसतं. मी पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली काम करते. मे महिन्यात सकाळी साडेआठनंतर कुत्र्याला बाहेर काढायचं नाही. जमिनीला हाताची उलटी बाजू लावा. सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचा पंजाही भाजणार.

वर्षभराने कुत्र्याचा विचार करा, आणि जातीपेक्षा स्वभाव बघा. अनोळखी माणूस आला की स्वतःहून जवळ येतो का, भांडं पडलं तर दचकून किती वेळात सावरतो, कान-शेपूट हाताळलेली चालते का. दोन वर्षांच्या आतलं पिल्लू या कामाला घेऊ नये असं माझं मत. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयामुळे आपल्याकडे चांगले डॉक्टर आहेत. एकाशी कायमचं जमवून ठेवा. रेबीजची लस दर वर्षी, जंताचं औषध वेळेवर, गोचिड्या रोज तपासायच्या, आणि लसीच्या पुस्तकाची प्रत प्रत्येक पालकाला द्यायची. तरीही ओरखडा आला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि थेट डॉक्टर. रेबीजची इंजेक्शनं मिळतात त्या लाल अस्पतालचा रस्ता पालकांना आधीच सांगून ठेवा. हळद लावायची नाही.

काम कसं दिसतं ते सांगते. हट्टी, मारकुट्या मुलाला मी ब्रश देते. नियम एकच : रमीने तोंड फिरवलं, जीभ ओठावरून फिरवली किंवा झोप नसताना जांभई दिली की ब्रश खाली. कुत्र्याची ही "पुरे" म्हणायची रीत आहे. मूल आधी चिडतं, ओरडतं, मग तिचं तोंड निरखू लागतं. मग एके दिवशी ब्रश आपणच खाली ठेवून म्हणतं, "तिला नकोय." माझ्या वहीत त्या मुलापुढे लिहिलेलं ध्येय हेच असतं : दुसऱ्याचा नकार ओळखणं. ध्येय न लिहिता केलेली तीच बैठक म्हणजे कुत्र्याला विंचरणं. रमीचं काम एका वेळी अर्धा तास, दिवसातून दोनदा, त्यापलीकडे नाही. ती उठून गेली तर तिला ओढून आणत नाही.

घोड्यांबद्दल विचारतात. लग्नातली घोडी शांत असते हो, पण बँडला सरावलेलं जनावर आणि मुलाला तोलून नेणारं जनावर यांत फरक आहे. घोडेस्वारीतून उपचार हे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम. डाउन सिंड्रोमच्या मुलाला तर मानेच्या मणक्यांची तपासणी झाल्याशिवाय बसवूच नये. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ताऱ्यांचं कासवही तसंच. ससे लवकर घाबरतात, मला पटत नाहीत.

गिऱ्हाईक जाहिरातीने येत नाही. बालरोगतज्ज्ञ, विशेष शिक्षक, शाळेतल्या समुपदेशक, यांना भेटा आणि एक पानाचं पत्रक द्या : कोणाला घेता, कोणाला घेत नाही. कुत्र्याची फार भीती, तीव्र दमा, जनावरांना इजा करण्याचा इतिहास, यांत मी प्राण्याशिवाय काम करते. विमा घेताना तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं कलम तपासा.

फी क्लिनिकइतकी ठेवा, जागेचं भाडं वेगळं दाखवा. आणि एक ओळ संमतीपत्रात ठळक टाका : त्या दिवशी कुत्रीने यायला नकार दिला तरी बैठक होईल आणि फी तीच राहील. नाहीतर कोणीतरी विचारणारच, "मॅडम, आज कुत्री नव्हती, तर थोडं कमी करा ना."