पुठ्ठ्यावर आणि एमडीएफवर गंज चढवताना

जुन्या लोखंडी फाटकाची बिजागरी जवळून पाहा. बोल्टच्या भोवती गंज जवळजवळ काळा, त्याबाहेर तपकिरी, मग विटकरी, आणि खाली ओघळून गेलेली पिवळसर रेघ. पाणी जिथे साचतं तिथे गंज दाट, जिथून वाहून जातं तिथे पातळ. मिक्स्ड मीडियातला, म्हणजे रंग, कागद आणि जुन्या वस्तू एकत्र जोडून केलेल्या चित्रातला, गंज खोटा वाटतो तो बहुधा याचा विचार न झाल्यामुळे: अख्ख्या पाटीवर एकसारखा नारिंगी रंग फिरवला की गंज दिसत नाही, गाजराचा हलवा दिसतो.

सरावासाठी १५ × २० सेंमीचा, ५ मिमी जाडीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) पुरे. त्याहून पातळ घेतलात तर ओला थर बसला की वाकतो. घ्यायचाच असेल तर मागच्या बाजूलाही रंगाचा एक हात द्या. वर चिकटवायला घरातलंच सामान चालतं. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओल्या स्पंजने भिजवून सोलला की आतल्या नाळ्या उघड्या पडतात, तोच आपला पन्हळी पत्रा. लसणाच्या पिशवीची जाळी, मोडक्या घड्याळाची चाकं, जुनी किल्ली, सुतळी, काहीही घ्या. रिव्हेटसाठी, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या गोल डोक्याच्या खिळ्यांसाठी, फेव्हिकॉलचे जाड थेंब सोडून वाळू द्या. सगळं चिकटवल्यावर वर वजन ठेवून रात्रभर सोडा. घाई केलीत तर पुढच्या ओल्या थरात कडा उचलल्या जातात.

आता खरखरीतपणा. विकतच्या टेक्स्चर पेस्टऐवजी बारीक रांगोळी ३ चमचे, फेव्हिकॉल १ चमचा, काळा किंवा गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक १ चमचा आणि लागेल तसे पाण्याचे थेंब कालवा. श्रीखंडाइतकं दाट हवं. कालवताना तोंडाला रुमाल बांधा, रांगोळीची धूळ बारीक असते. पॅलेट नाइफने किंवा जुन्या एटीएम कार्डाने लावा: बोल्टभोवती, सांध्यांत आणि खालच्या कडेला जास्त, मोकळ्या जागी फक्त ओरखडा. एका वेळी २–३ मिमीहून जाड नको. वरचा थर आधी वाळून आखडतो, आतला ओलाच राहतो आणि भेगा पडतात. सुटलेले पापुद्रे हवे असतील तर चुरगळलेला टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून बसवा आणि वाळल्यावर त्याच्या कडा नखाने उचला.

वाळलं की सगळ्यावर काळा गेसो (रंगाआधी लावायचं अस्तर). नसेल तर मॅट काळा अ‍ॅक्रिलिक. ब्रश खाचांत कोंबून लावा. एक पांढरा ठिपका राहिला तरी शेवटी डोळ्यांत तोच येतो.

रंग गडदाकडून उजळाकडे चढवायचे, आणि ब्रशऐवजी भांडी घासायच्या स्पंजच्या तुकड्याने टिपायचे. पहिला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), खोल जागा काळ्या सोडून. वाळल्यावर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), साधारण दोन तृतीयांश भागावर. हा थर ओला असतानाच त्यावर गेरूची भुकटी चिमटीने भुरभुरवा. तुळशीवृंदावनाला लावतो तोच गेरू. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असल्यामुळे गंजाची छटा आयती मिळते, शिवाय पृष्ठभाग कोरडा, धुळकट दिसतो. वाळला की पाटी उलटी करून टिचकी मारा, जास्तीचा गेरू खाली पडेल. काही जण दालचिनीची पूड वापरतात. रंग जमतो, पण आपल्या पावसाळ्यात खायची वस्तू चौकटीवर नको.

मग सिएनात थोडा नारिंगी मिसळून तो फक्त बोल्टच्या खाली आणि कडांना द्या. लगेच पाण्याचे दोन फवारे मारून पाटी उभी धरा. ओघळ खालीच जायला हवेत. पाटी आडवी धरलीत तर गंज बाजूला वाहिलेला दिसेल. यलो ऑकर (मातकट पिवळा) शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने, अगदी कमी. उंच कडांवर ६बी पेन्सिल आडवी घासली की खालचं लोखंड झिजून चमकल्यासारखं दिसतं. फिरोजी-हिरवे डाग मात्र टाळा. तो तांब्या-पितळेवरचा कळंक, लोखंडावर येत नाही. एक थर वाळायच्या आत दुसरा चढवला की छटा मिसळून चिखल होतो. तसं झालंच तर पुसत बसू नका. वाळू द्या, काळ्याने टिपून पुन्हा अंबरपासून चढा.

खराच गंज हवा असेल तर लोहकीस आणा. स्टेनलेसचा कीस गंजत नाही, म्हणून विचारून घ्या. २ भाग कीस, १ भाग मॅट अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंग न घातलेलं अ‍ॅक्रिलिक) असं कालवून लावा आणि ओलं असतानाच वर कोरडा कीस दाबा. मीडियम जास्त झालं की प्रत्येक कण प्लास्टिकच्या वेष्टनात बंद होतो आणि दोन दिवस वाट पाहूनही काही घडत नाही. इथे फेव्हिकॉल नको, ओलाव्याने मऊ पडतो. खाली रांगोळीची पेस्टही नको: बहुतेक रांगोळी चुनखडीच्या जातीच्या दगडाची असते, पुढे फवारायचं व्हिनेगर तिच्यावरच खर्ची पडतं. पेस्टमध्ये खाण्याचा सोडा घातलात तरी तेच. इथे चाळलेली वाळू वापरा.

फवाऱ्यासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १२० मिली, पांढरं व्हिनेगर १५ मिली, मीठ पाव चमचा. औषधाच्या दुकानातली बाटली ६ टक्क्यांची असेल तर ६० मिलीमध्ये ६० मिली पाणी घाला. हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून काम करा. वाफ नाका-डोळ्यांना झोंबते. मिश्रण त्याच दिवशी वापरा, उरलेलं भरपूर पाण्याबरोबर मोरीत ओता. झाकण लावून कधीही ठेवू नका, वायू साठून बाटली फुटू शकते. फवारल्यावर काही मिनिटांत रंग पालटायला लागतो. वाळू द्या, पुन्हा फवारा, असं तीन-चार वेळा.

शेवटी ओल्या फडक्याने हलकेच टिपून मीठ काढा आणि एक दिवस पूर्ण वाळवा. खऱ्या गंजावर पाण्याचं वार्निश लावलं तर त्यातल्या पाण्यानेच नवा गंज उमटतो. सॉल्व्हंटचा, म्हणजे पाण्याऐवजी थिनरसारख्या द्रावकातला, मॅट स्प्रे घ्या, २५–३० सेंमी अंतरावरून दोन पातळ हात. रंगाच्या गंजावर पाण्याचं मॅट वार्निश चालतं, फक्त गेरू त्याखाली एक छटा गडद होतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून पाहा. चमकदार वार्निश दोन्हीकडे वर्ज्य. भिंतीवर टांगणार असाल तर मागे चार कोपऱ्यांना रबराचे ठोकळे चिकटवा, नाहीतर पावसाळी दमट हवेत गंजाचा डाग भिंतीच्या रंगावर उठतो.