एकट्याने ध्यान शिकताय? या चुका टाळा

जवळपास वर्ग नाही, ओळखीत कुणी साधक नाही, तरी ध्यान शिकायचंय. जमेल का? जमेल. श्वासाकडे लक्ष देण्याचा साधा सराव कुणाही निरोगी माणसाला घरच्या घरी सुरू करता येतो. अडचण एकच. तुम्ही नको तितका जोर लावत असाल, तर "अहो, जरा सैल सोडा" असं सांगणारं समोर कुणी नसतं. पायाला मुंग्या, कपाळ जड, छातीत कोंडल्यासारखं होणं, चारच दिवसांत कंटाळा: नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी मला हा जोरच दिसतो.

पद्मासनाचा हट्ट

पतंजलींच्या योगसूत्रात आसनाबद्दल म्हटलंय, 'स्थिरसुखमासनम्'. स्थिर हवं आणि सुखाचं हवं. या सूत्रात पद्मासनाचं नावही नाही. तरी सतरंजीवर पाय ओढूनताणून बसायचं आणि दहाव्या मिनिटाला पाठ धरली म्हणून उठायचं, हे घरोघरी चालतं.

बसल्यावर स्वतःकडे बाजूने बघा, नाहीतर घरच्या कुणाला बघायला सांगा. गुडघे कमरेपेक्षा वर आहेत का? मग कंबर मागे गोल होणार आणि पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहणार. जाड ब्लँकेटची चार ते सहा इंच उंच घडी करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे कंबर आपोआप सरळ होते आणि गुडघे खाली येतात. एखादा गुडघा तरीही अधांतरी राहिला तर त्याच्याखाली उशी सरकवा. मुंग्या येतात त्या नसेवर दाब पडल्यामुळे. पाय बधिर झाला असेल तर लगेच उभे राहू नका, तोल जातो. गुडघ्यात टोचल्यासारखी कळ आली तर ती सोसण्यात काही साधना नाही, सरळ पाय बदला. खुर्चीही चालते: दोन्ही पावलं जमिनीवर टेकलेली आणि पाठ शक्यतो टेकलेली नको.

श्वास बघायचा सोडून श्वास चालवणं

सर्वांत जास्त लोक इथे अडकतात. श्वासाकडे लक्ष गेलं की तो नकळत लांबवला जातो, मोजूनमापून घेतला जातो. थोड्या वेळात छाती आवळते, "श्वास पुरत नाही" असं वाटतं, म्हणून आणखी खोल श्वास घेतला जातो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यातून डोकं हलकं होणं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येणं सुरू होतं. माणूस घाबरतो, किंवा 'शक्ती जागी झाली' असं समजतो.

असं झालं तर डोळे उघडा. श्वासाचा नाद सोडा आणि तळपायांचा जमिनीला झालेला स्पर्श किंवा बाहेरचे आवाज यांवर लक्ष न्या. श्वास आपोआप मूळ लयीत येतो. पुन्हा सुरू कराल तेव्हा फक्त सुटणाऱ्या श्वासाकडे बघा. तो सोडताना काहीच करावं लागत नाही, म्हणून तिथे ढवळाढवळही कमी होते. लक्ष टिकत नसेल तर प्रत्येक सुटत्या श्वासाला एक आकडा द्या, दहापर्यंत जा आणि परत एकवर या. मध्येच आकडा विसरलात तर पुन्हा एकपासून. तरीही छाती आवळतच असेल, तर काही दिवस श्वास बाजूला ठेवा आणि नुसते आवाज ऐका. पंखा, रस्ता, शेजारच्या कुकरची शिट्टी, जे येईल ते. हेही ध्यानच आहे.

आणि व्हिडिओ बघून कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, यात मिसळू नका. तो प्राणायामाचा वेगळा विषय आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि शिकवणारा समोर असल्याशिवाय करूच नये.

'विचार थांबतच नाहीत'

थांबणारही नाहीत. मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे, ही तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेच केलीय. त्याच अध्यायात सांगितलंय की मन जिथे जिथे जाईल तिथून त्याला परत आणावं. सराव म्हणजे हे परत आणणं. वीस मिनिटांत पन्नास वेळा भटकलात आणि पन्नास वेळा परत आलात, तर तुमची बैठक वाया गेली नाही, उत्तम झाली. फक्त परत येताना स्वतःवर चिडू नका. भुवया आवळल्या जातात त्या इथेच, आणि कपाळ दुखतं तेही यामुळे. दर थोड्या वेळाने भुवया, जबडा आणि खांदे तपासून सैल सोडा.

झोप येत असेल तर आधी वेळ बदला. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या आणि अंथरुणावर बसू नका. डोळे अर्धवट उघडे ठेवून नजर समोर जमिनीवर टेकवली तरी फरक पडतो. रात्रीची झोपच अपुरी असेल, तर आधी झोपा.

किती वेळ?

सुरुवातीला दहा मिनिटं, रोज, ठरलेल्या वेळी. फोनवर गजर लावा आणि तो एअरप्लेन मोडवर टाकून पाठीमागे ठेवा, समोर असला की हात जातोच. आज मंत्र, उद्या चक्रं, परवा नवं ॲप असं करू नका. एक पद्धत महिनाभर तरी धरा.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रातल्या शिबिरात दहा दिवस तासन् तास बसतात, म्हणून घरी सुट्टीत तसंच करून बघणारेही आहेत. ते करू नका. तिथे पहिले तीन दिवस फक्त श्वासावर काम होतं, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहणं, शिकवतात आणि प्रश्न विचारायला आचार्य उपलब्ध असतात. लांब बसायचंच असेल तर तिथेच जा. शिबिराचं शुल्क नसतं, ते दानावर चालतं.

अनुभव आणि इशारे

मिटल्या डोळ्यांपुढे रंग दिसणं, अंग जड किंवा हलकं वाटणं, गुंगीत जाताना हात झटकला जाणं हे सामान्य आहे. त्याचा अर्थ लावत बसू नका आणि उद्या तेच पुन्हा घडावं म्हणून बसूही नका. योगसूत्रातल्या नऊ अंतरायांत, म्हणजे साधनेतल्या अडथळ्यांत, 'भ्रांतिदर्शन' (भलताच समज करून घेणं) आहे, ते उगाच नाही.

काही गोष्टी मात्र दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. बैठकीनंतर धडधड किंवा भीती टिकून राहणं, झोप उडणं, आजूबाजूचं जग खोटं वाटणं, जुना आघात पुन्हा पुन्हा अंगावर येणं, नसलेले आवाज ऐकू येणं. असं काही झालं तर सराव थांबवा. चाला, जेवा, माणसांत बसा. आधीपासून मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा, आणि ध्यानाने बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्रास कमी होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा किंवा मानसिक त्रासात फोनवर मदत करणाऱ्या सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करा. बोलताना कोणती पद्धत, रोज किती वेळ आणि कधीपासून करताय, हे लपवू नका.