‘कौल’ शोधताना: जुनी वृत्तपत्रे वाचायला बसणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या लघुप्रबंधाला मी एकच शब्द घेतला, ‘कौल’. काळ १९६२ ते १९६७, गोव्यातली मराठी दैनिके. विषय ऐकून मैत्रिणी हसल्या होत्या. मलाही वाटले होते, दोन महिन्यांत उरकेल. पाटो, पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक चाळायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. वहीत नोंदी भराभर वाढत होत्या, पण त्यांतल्या बऱ्याचशा छपराच्या कौलांच्या जाहिराती!

म्हणून पहिली सूचना: शब्द एकटा टिपू नका, त्याचे क्रियापद टिपा. कौले शाकारतात, बदलतात. देवळात कौल लावतात. पुढारी कौल मागतात. मतदार कौल देतात. आमच्या पेडण्याकडे देवाला कौल लावणे घरोघरी ठाऊक आहे. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि पाकळी सुटेपर्यंत श्वास रोखून बसायचे. उजवी सुटली की होकार. गोव्यात इतरत्र यालाच प्रसाद म्हणतात. मुळात हा अरबी-फारसीतून आलेला ‘वचन’ या अर्थाचा शब्द. पेशवाईत रयतेला अभय द्यायचे ते कौलनाम्याने. वचन देणारा तिथे सरकार, देवळात देव, आणि वृत्तपत्रात एकदम लोक. कौल देणारा बदलत गेला, हेच माझ्या प्रबंधाचे सूत्र झाले, पण तोवर वर्षातला निम्मा वेळ गेला होता.

दुसरी चूक अधिक महागात पडली. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले; त्याला आज आपण सरसकट ‘जनमत कौल’ म्हणतो. मी तेवढेच शोधत बसले. मार्गदर्शक सरांनी मसुदा परत दिला आणि एवढेच विचारले, “सार्वमत कुठे आहे?” आजचा शब्द कालच्या कागदावर शोधला की असे होते. ‘सार्वमत’, ‘जनमत’, ‘ओपिनियन पोल’ ही भावंडेही सोबत घ्या. अंक पुन्हा पहिल्यापासून चाळले. (जुन्या कागदाचे कोपरे बोटात तुटतात, पान दोन्ही हातांनी उलटा, आणि रुमाल बांधा, धुळीने शिंका थांबत नाहीत.)

दोन्ही बाजूंची पत्रे शेजारी ठेवून वाचा. १९६२ साली सुरू झालेला ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा. १९६३ मध्ये मडगावात निघालेला ‘राष्ट्रमत’ विरोधातला, आणि तोही मराठीतूनच. मराठी म्हणजे विलीनीकरणवादी असे समीकरण डोक्यात घेऊन आलात तर ते बाहेर ठेवून या.

माझ्या दृष्टीने सगळ्यात कसदार भाग १९६७ चे पहिले तीन महिने. जानेवारीत गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित राहावे म्हणून १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. आणि मार्चच्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरण मागणाऱ्या, दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षालाच ३० पैकी १६ जागा! मतदार तेच, कौल दोन. इथे नुसती मोजदाद करून काही हाती लागत नाही. नोंदीच्या प्रत्येक कार्डावर मी तीन रकाने आखले: कौल कोणाचा, कशासाठी, क्रियापद कोणते. चौथा रकाना पुढे घातला, बातमी की अग्रलेख. तो आधीच घातला असता तर शंभरेक कार्डे परत लिहावी लागली नसती.

जानेवारीच्या मतदानाची चिन्हेही गंमतीची होती. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित प्रदेशाला दोन पाने. फुलापानांचा कौल म्हटल्यावर मला देऊळच आठवले, पण त्यावर प्रकरण लिहायचा मोह सरांनी वेळीच मोडला. योगायोगाला पुरावा समजू नये, हे पटायला मला दोन दिवस लागले.

शेवटी घरी आजीला विचारले. तिने १६ जानेवारीला मतदान केलेले. म्हटले, “तू कौल कोणाला दिलास?” ती तांदूळ निवडत होती, सुपातून मान वर न करता म्हणाली, “कौल? आमी मत घालें. कौल देव दिता.”

ते वाक्य मी वेगळ्या रंगाच्या कार्डावर लिहून ठेवले आहे. प्रबंधात कुठे बसवायचे, अजून ठरलेले नाही.