बोटीवरचं जुनं नाव काढताना

दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड फायबर बोट घेतली. निळी, 22 फुटी, आणि दोन्ही अंगांना हातभर उंच अक्षरांचा स्टिकर: ‘जलपरी’. आमच्याकडे आजीचं नाव द्यायचं ठरलेलं, तेव्हा जलपरी काढणं आलंच.

मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणून लोक तेव्हा ही कामं काढतात. पण तेव्हा पाऊस. मेअखेर बोट खळ्यात ओढली की जे चार कडक उन्हाचे दिवस मिळतात, ते या कामाचे. आधी गोड्या पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने बोट धुवा. मीठ आणि वाळू फडक्यात राहिली, तर पुढे फडकं फिरवाल तेवढ्या वेळा बोटीवर चरे उठतात.

पहिल्या दिवशी मी कटरचं पातं घेऊन बसलो. काका बघून म्हणाले, “मेल्या, दाढी करतंस काय तिची?” तोवर तीन ओरखडे पडले होते. फायबरवरचा रंगीत थर, जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. लोखंडी पातं त्याच्या जवळ आणूच नका. जुनं एटीएम कार्ड पुरतं.

घरातला हेअर ड्रायर अक्षराच्या कोपऱ्यावर धरा. हात ठेवता येईल इतकंच गरम हवं. कोपरा नखाने उचला आणि पट्टी स्वतःवरच दुमडून, बोटीला जवळजवळ चिकटून, सावकाश मागे ओढा. सरळ बाहेर ओढलीत की तुटते. आमच्या ‘ज’ची उभी रेघ अख्खी आली, ‘प’ मात्र उन्हाने इतका करपला होता की पापडासारखा तुकड्यातुकड्यांनी निघाला. त्याला अर्धा दिवस गेला.

मागे राहतो तो गम. त्यावर खोबरेल चोपडून पंधरा मिनिटं थांबा, मग अंगठ्याने गोल चोळा. गमच्या काळ्या गोळ्या वळत सुटतात. चिवट जागेला फडक्यावर थोडं टर्पेंटाईन. एनसी थिनर, म्हणजे लॅकर रंग पातळ करायचं जहाल द्रावण, नको: भावाने वळचणीच्या बाजूला एका हातात काम उरकायला तो वापरला आणि तळहाताएवढा भाग कायमचा मंद झाला. कुठलंही द्रावण आधी कोपऱ्यात लावून पाहा. टर्पेंटाईन काढलंत की ड्रायर बंद, विडीसुद्धा लांब. भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका, उघडी पसरून सुकवा. शेवटी पुन्हा साबणपाणी.

आता खरी डोकेदुखी. स्टिकर गेला तरी ‘जलपरी’ वाचता येत होती! आजूबाजूचा निळा उन्हाने विटलेला, अक्षरांखालचा मात्र कोरा करकरीत. रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणायची पेस्ट, कापडाने चोळलं तर पुष्कळ मिसळतं. अगदीच दिसत असेल तर 1500 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत हलक्या हाताने, मग 2000, मग कंपाउंड आणि शेवटी वॅक्स. कडांवर जोर नको, तिथला थर आधी संपतो.

नवं नाव लावायच्या जागेवरचं वॅक्स मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. मी विसरलो, आणि आजीचं पहिलं अक्षर गणपतीच्या आधीच सुटलं.